तीन वर्षांचा यजमान

कुंभकोणमच्या महामहम तलावाच्या पायऱ्यांवर सकाळी सातच्या सुमाराला एक जोडपे बसले आहे, अशी कल्पना करा. दोघे पुण्याचे. ती बँकेत, तो एका कारखान्यात. दोघांच्या मध्ये, पण दोघांपासून वीतभर अंतर राखून, तीन वर्षांचा एक मुलगा बसला आहे. काल दुपारी संस्थेने तो त्यांच्या हवाली केला. कागदोपत्री आता हे दोघे त्याचे होऊ घातलेले आई-बाप. त्याला मात्र एवढेच कळलेले, की रोज भात भरवणारी आया दिसत नाही, शेजारच्या खाटेवरचा दोस्त दिसत नाही आणि ही दोन माणसे काल रात्रभर दिवा चालू ठेवून आपल्याकडे बघत होती.

ती बिस्किट पुढे करते. तो मान हलवतो आणि म्हणतो, "वेण्डाम."

दोघे एकमेकांकडे बघतात. वहीत लिहून आणलेल्या शब्दांत हा शब्द आहे. वेण्डाम म्हणजे नको. मुलाने आई-बापांशी काढलेला पहिला शब्द 'नको' असावा, याने तिचे डोळे भरून येतात. खरे तर हा दिलासाच म्हणायचा. नको म्हणणारे मूल निदान बोलते आहे. काळजी करायची ती एकही शब्द न बोलता दिले ते खाणाऱ्या, ठेवले तिथे बसणाऱ्या मुलाची. अशा मुलाला पाहुणे 'किती शहाणे हो!' म्हणतात. बऱ्याचदा तो शहाणपणा नसतो, ती भीती असते.

बाळंतिणीला माहेर, हिला काय?

आपल्याकडे पोटच्या मुलाच्या आगमनाची सारी व्यवस्था लागलेली आहे. बाळंतिणीला माहेर असते, डिंकाचे लाडू असतात, पाचवी असते, बारसे असते, सव्वा महिना तरी तिला कोणी कामाला हात लावू देत नाही. दत्तक मूल घेणाऱ्या आईला यातले काहीच नाही. संस्थेतून मूल घेतले, टॅक्सी केली, मिळाली ती गाडी पकडली आणि दुसऱ्या दिवशी दारात औक्षण, पेढे, पन्नास माणसे! घरच्यांचा हेतू चांगलाच असतो. पण त्या मुलाच्या जागी बसून बघा. दोन दिवसांत त्याचे गाव, भाषा, अंथरूण, जेवण, वास, सारे बदलले आणि वर पन्नास अनोळखी माणसे गालगुच्चे घ्यायला टपलेली.

म्हणून या सदरात यावेळी सुचवायची गोष्ट साधी आहे. मूल दूरच्या गावचे असेल, तर ते मिळाल्यावर लगेच निघू नका. तीन-चार दिवस त्याच्याच गावात, नाहीतर त्याच्या मुलखातल्या एखाद्या बेताच्या गावात राहा. तिथे परके तुम्ही असाल. घर त्याचे, हवा त्याची, रस्त्यावरची भाषा त्याची. निदान चार दिवस तो यजमान आणि तुम्ही पाहुणे.

महाराष्ट्रातले पालक कावेरीकाठी कसे?

पूर्वी ओळखीच्या डॉक्टरांकडून किंवा जवळच्या संस्थेतूनच मूल घेतले जाई. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात मुले परदेशी दत्तक देण्याबाबत कडक दंडक घालून दिले, १९९० मध्ये 'कारा' ही केंद्रीय यंत्रणा आली आणि २०१५ पासून नोंदणीसाठी देशभर एकच यादी झाली. संगणकावर नाव नोंदवायचे, समाजसेविका घरी येऊन अहवाल तयार करते आणि मग वाट बघायची. ही वाट महिन्यांची नव्हे, वर्षांची असते. पालकांना राज्ये निवडता येतात. त्यामुळे पुण्या-नाशिकच्या पालकांना तमिळनाडूतले, ओडिशातले मूल सुचवले जाऊ शकते. नाव सुचवल्यावर होकार कळवायला अठ्ठेचाळीस तास असतात. वर्षानुवर्षे वाट बघायची आणि निर्णय दोन दिवसांत घ्यायचा!

होकारानंतर संस्थेत जाऊन मुलाला भेटायचे, त्याचा वैद्यकीय अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवायचा, सह्या करायच्या. मग आदेश होण्याआधीच, तात्पुरत्या संगोपनासाठी म्हणून, मूल घरी नेता येते. अंतिम आदेश २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात आणि तोही संस्था ज्या जिल्ह्यात असेल तिथला. म्हणजे त्या गावाशी संबंध एका फेरीत संपेलच असे नाही. पुढची दोन वर्षे दर सहा महिन्यांनी मूल कसे रुळले याचा अहवाल जातो.

तेव्हा तंजावूर भागातले मूल मिळाले तर मुक्कामाला कुंभकोणम उत्तम. तंजावूरपासून चाळीसेक किलोमीटर. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधले हे गाव चालत फिरण्याजोगे आहे.

'वा' म्हणू नका!

चार शब्द शिकून जा. पसिक्कुदा? म्हणजे भूक लागली का? तण्णी वेणुमा? पाणी हवे का? वलिक्कुदा? दुखते का? तूक्कम म्हणजे झोप, बयम म्हणजे भीती, पोदुम म्हणजे पुरे. पंधरा-वीस शब्द वहीत देवनागरीत लिहून घ्या आणि आधी आठवडाभर मोठ्याने म्हणा. तमिळ येणाऱ्या एखाद्या शेजारणीकडून उच्चार तपासून घ्या. नाहीतर मूल हसेल. अर्थात हसले तर चांगलेच!

गंमत अशी, की काही शब्द आपल्याला दगा देतात. मुलाने पेला नीट धरला की आपण कौतुकाने 'वा!' म्हणतो. तमिळमध्ये 'वा' म्हणजे ये. मूल जागचे उठून जवळ येते आणि काय झाले म्हणून बघत राहते. 'पाट्टी' म्हणजे आजी. पुण्याच्या घरी शेजारची मुलगी 'माझी पाटी कुठंय?' म्हणाली तर हा कोणाला शोधेल, विचार करा.

पण काही शब्द मदतीला धावून येतात. तमिळमध्येही थोरला भाऊ अण्णा, थोरली बहीण अक्का. मामा हा मामाच. आत्याला अत्ते म्हणतात, आजोबांना ताता. म्हणजे पुण्यात वाट बघत असलेल्या निम्म्या नातेवाइकांची नावे मुलाला आधीच ठाऊक आहेत! प्रवासातच फोटो दाखवून 'हा मामा, ही अत्ते' असे सुरू केले, तर घरी पोचेपर्यंत एखादे नाव त्याच्या तोंडी आलेले असेल.

आणि त्याचे नाव? ते बदलायचे असेल तर घाई कशाला? तीन वर्षे ज्या हाकेला तो 'ओ' देत आला, तेवढी एकच वस्तू त्याने संस्थेतून बरोबर आणली आहे. नवे नाव हौसेने ठेवा, पण जुने त्याच्या शेजारी राहू द्या.

जेवण आणि रात्र

जेवणात पहिले काही दिवस प्रयोग नकोत. इडली, तूप घालून परुप्पु सादम म्हणजे आपला वरणभात, तयिर सादम म्हणजे दहीभात. कुंभकोणमच्या कुठल्याही साध्या खाणावळीत हे मिळते. पोळी कोरडी लागते, त्याला सवय नसते. पोहे, शिरा, भाकरी यांना पुढे जन्म पडला आहे. आईबाबांनी मात्र इथली डिग्री कॉफी सोडू नये. पितळी डबरा-टंबलरमधून उंचावरून ओतलेली ती फेसाळ कॉफी झोपमोड झालेल्या माणसाला फार आधार देते, आणि झोपमोड होणारच.

रात्रीच खरी परीक्षा असते. दिवसभर बरा खेळलेला मुलगा दिवा मालवला की हुंदके देऊ लागतो, आणि जवळ घेतले तर अंग ताठ करतो. 'आमच्यात काही कमी आहे का' असे त्या क्षणी वाटते. तसे काही नसते. त्याचे कोणीतरी हरवले आहे आणि तो त्यासाठी रडतो आहे. मोठी माणसे कोणी गेल्यावर तेरा दिवस सुतक पाळतात. या मुलाला तेरा मिनिटे तरी रडू द्यावे की नाही? शेजारी बसावे, हात ठेवू दिला तर ठेवावा, नाही दिला तर नुसते बसावे. संस्थेतला त्याचा सदरा, दुपटे धुऊ नका. मळके दिसते, पण त्या वासावर त्याला झोप लागते. शक्य झाले तर संस्थेतून निघण्याआधी आयाबाईंना विनंती करून तिचा आवाज टिपून घ्या. ती गुणगुणत असेल ते, नाहीतर नुसते 'तूंगु कण्णा', झोप बाळा, एवढेच. रात्री अडीच वाजता हे उपयोगी पडते.

दिवसाला एकच

कुंभकोणमला इतकी देवळे आहेत, की भाविक माणसाची पंचाईत होते. शिवाय आजूबाजूला नवग्रहांची देवळे आहेत म्हणून बसेस भरभरून येतात. मूल नवीन असताना हा सारा मोह आवरावा. दिवसाला एकच ठिकाण. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. देवळे साधारण दुपारी बारा ते चार बंद असतात, आणि उन्हाने तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालवायला हा काही आपला नवस नव्हे.

महामहम तलाव पहिल्या सकाळी बरा. काठावर सोळा मंडप आहेत, ते नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षितर यांनी बांधले. बारा वर्षांनी एकदा इथे मोठा मेळा भरतो, शेवटचा फेब्रुवारी २०१६ मध्ये भरला. एरवी तलाव शांत असतो. पायऱ्या भरपूर, मूल चढते, उतरते, आणि आपण मागे मागे. गावाच्या नावाची गोष्टही इथेच सांगतात. प्रलयात अमृताचा कुंभ वाहत आला, शंकराने किराताच्या रूपात बाण मारून तो फोडला आणि अमृत इथे सांडले. वाहत वाहत आलेले काहीतरी इथे थांबले, ही गोष्ट या चार दिवसांत आपल्याला अंमळ वेगळीच ऐकू येते.

सारंगपाणीचे अकरा मजली गोपुर बाहेरूनच दाखवावे. त्या समोरच्याच रस्त्यावर रामानुजनचे घर आहे. वडील साड्यांच्या दुकानात कारकून, घर बेताचे, बाहेर ओटा, आत खिडकीशी खाट. ते आता स्मारक म्हणून जपले आहे. आपल्याला भरून येते. मुलाला त्याचे काय? तो ओट्यावरून उड्या मारील. मारू द्या.

त्याला जे खरोखर आवडेल ते गावाच्या पश्चिमेला तीन-चार किलोमीटरवर, दारासुरमला आहे. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधलेले ऐरावतेश्वराचे देऊळ. युनेस्कोने २००४ मध्ये जागतिक वारशात घेतलेले. पण मुलासाठी त्याचे महत्त्व असे, की पुढचा मंडप म्हणजे चाके आणि घोडे जोडलेला दगडी रथ आहे, आणि एका ठिकाणी बैल आणि हत्ती यांचे दोघांत मिळून एकच डोके कोरले आहे. हाताने हत्तीचे धड झाकले की बैल दिसतो. बैलाचे झाकले की हत्ती. 'माडु', 'याने', 'माडु', 'याने' असा खेळ सुरू झाला की अर्धा तास कुठे गेला कळत नाही. इथे भाषेची अडचण नाही आणि कोण कोणाला शिकवते आहे हेही कळत नाही. तीन वर्षांच्या मुलाला बापाची चूक दुरुस्त करायला मिळाली, की त्याची मान जराशी ताठ होते.

स्वामीमलैला मुरुगनच्या देवळाला साठ पायऱ्या आहेत, साठ संवत्सरांच्या. ओण्णु, रेण्डु, मूणु, नालु, अंजु. मुलाचे आकडे बहुधा इथेच संपतील. मग पुन्हा ओण्णु. असे बारा वेळा केले की आपण वर पोचतो.

चक्रपाणीच्या देवळातला राजा

आता एक ठिकाण आई-बाबांसाठी. कावेरीच्या बाजूला चक्रपाणीचे देऊळ आहे. त्यात सरफोजी राजांची धातूची मूर्ती आहे. राजांचे दुखणे या देवाच्या कृपेने बरे झाले अशी श्रद्धा आहे. हे सरफोजी म्हणजे तंजावूरच्या भोसल्यांपैकी दुसरे सरफोजी, आणि ते दत्तक होते.

तुळजाजी राजांनी १७८७ च्या सुरुवातीला, मृत्यू अगदी समोर दिसत असताना, भोसले कुळातल्याच या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मांडीवर घेतले. थोड्याच दिवसांत राजे गेले आणि मुलाच्या दत्तकपणाचीच चौकशी सुरू झाली. पंडितांना बोलावले गेले. हे दत्तविधान शास्त्राला धरून नाही असा कौल मिळाला आणि गादीवर तुळजाजींचे भाऊ अमरसिंग बसले. मुलाचे हाल होतात अशा तक्रारी झाल्या. तुळजाजींनी ज्यांच्यावर त्याची जबाबदारी टाकली होती, त्या श्वार्ट्झ या जर्मन पाद्रींच्या खटपटीने त्याला मद्रासला हलवले. पुढे दुसऱ्या पंडितांना विचारले तेव्हा कौल उलटा पडला, आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. अमरसिंग कुंभकोणमजवळच्याच तिरुविडैमरुदूरला जाऊन राहिले.

म्हणजे दहाव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत हा मुलगा 'खरा की खोटा' हे दुसरेच कोणी ठरवत होते. आज पंडित नाहीत, कंपनी सरकार नाही. पण पुण्यातल्या घरी चहाच्या कपाबरोबर 'रक्ताचे ते रक्ताचेच हो' असे म्हणणारी एखादी काकू असते, आणि तिचा कौल मूल दाराआडून ऐकत असते. सरफोजींच्या बाबतीत निदान लेखी उलट कौल मिळवता आला!

पुढे राज्यकारभार इंग्रजांनी काढून घेतला, तरी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणारा राजा म्हणून या दत्तक मुलाचे नाव राहिले. तंजावूरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवला गेला, तोही त्यांच्याच काळात. दत्तक आलेल्याने कुळाची बखर दगडात लिहून ठेवली!

कुंभकोणमचा दत्तक मुलांशी आणखी एक धागा आहे. सर टी. माधवराव हे तंजावूरकडच्या मराठी देशस्थ घराण्यातले, जन्म १८२८, कुंभकोणमचाच. त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी करून १८७५ मध्ये ते बडोद्याला आले. त्याच वर्षी मे महिन्यात महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. शेतकऱ्याचा मुलगा, शिक्षण जवळजवळ नाहीच. 'कशाला आलास?' असे विचारल्यावर 'राज्य करायला' असे तो म्हणाला, असे सांगतात. तेच सयाजीराव. त्यांना राज्य समजावून देण्यासाठी माधवरावांनी व्याख्याने दिली, ती 'मायनर हिंट्स' या नावाने पुस्तकरूपाने आहेत. गोपाळबरोबरचा त्याचा भाऊ संपतरावही बडोद्यातच शिकला, आणि बडोद्याच्या मोठ्या वाचनालयाची सुरुवात पुढे या संपतरावांच्या ग्रंथसंग्रहातून झाली. नव्या घरात मागच्या घरचे एक माणूस सोबत असणे, हे त्या काळच्या दरबारालाही मानवले होते. आपण ही गोष्ट सांगताना नेहमी राजवाड्याची सांगतो. कवळाण्यात मागे राहिलेल्या घराची सांगत नाही.

हे सारे दत्तक गादीसाठी होते. सातारा १८४८ मध्ये आणि झाशी त्यानंतर खालसा झाली ती दत्तक नामंजूर करूनच. तंजावूरही १८५५ मध्ये मुलगा नाही म्हणून गेले. त्यामुळे मराठी मनात 'दत्तक' म्हटले की वारस, इस्टेट आणि पिंडदान हेच येत असे. मुलगी दत्तक घ्यायला हिंदू कायद्याने मोकळीक मिळाली ती १९५६ साली. मुलाला घराची गरज आहे म्हणून दत्तक, हा विचार आपल्याकडे तसा अलीकडचाच. चक्रपाणीच्या देवळात त्या मूर्तीपुढे हा तीन वर्षांचा मुलगा उभा राहतो, तेव्हा त्याला कोणाची गादी चालवायची नाही, हे मनाशी म्हणून घ्यायला हरकत नाही.

चिनी गावातले आई-बाप

हाच अनुभव जगात सर्वांत मोठ्या संख्येने कोणी घेतला असेल, तर चीनमधून मुले नेणाऱ्या पाश्चात्त्य पालकांनी. १९९२ पासून २०२४ मध्ये चीनने परदेशी दत्तक थांबवीपर्यंत दीड लाखाहून अधिक मुले, बहुतेक मुली, परदेशी गेल्या. अमेरिकेला जाणाऱ्या प्रत्येक मुलाचा व्हिसा ग्वांगझू शहरातूनच निघे. म्हणून नवे आई-बाप आठ-आठ दिवस तिथे मुक्काम करीत. शामियान बेटावरच्या व्हाइट स्वॉन हॉटेलात मुलांच्या गाड्यांची रांग असे. हॉटेलात पालकांना एक खास बार्बी बाहुली भेट मिळे. गोरी बार्बी आणि तिच्या कडेवर चिनी बाळ.

आज त्या मुली मोठ्या झाल्या आहेत. त्यांतल्या अनेक जणी त्या शहरांत परत जातात, बालगृह शोधतात, आपण कुठे सापडलो ती जागा बघतात. आई-बापांनी त्या आठ दिवसांत काय टिपून ठेवले, याला तेव्हा किंमत येते. बाहुली कपाटात राहते. कामाला येते ते एखाद्या आयाबाईबरोबरचे छायाचित्र, बालगृहाच्या फाटकाचे चित्र, वर्तमानपत्रात छापलेली 'मूल सापडले' ही जाहिरात.

आपल्या पुणेकर जोडप्याने म्हणून एक पेटी करावी. मुलाच्या अहवालाची प्रत, संस्थेच्या दाराचे छायाचित्र, त्याच्या खाटेचे, आयाबाईंचे त्या परवानगी देत असतील तर, तो न धुतलेला सदरा, बाजारातून घेतलेला एक पितळी पेला, खोलीतून दिसणाऱ्या रस्त्याचे चित्र. मुलाची छायाचित्रे मात्र चारचौघांत फिरवू नयेत. अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करायला कायद्याने मनाई आहे, आणि कायदा नसता तरी करू नये. तसेच गावात त्याच्या जन्मदात्रीची चौकशी करत हिंडू नये. ती बाई कुठेतरी आपले आयुष्य जगत असेल. अठरा वर्षांचा झाल्यावर आपले मूळ शोधायचे की नाही हे मुलगा ठरवील, त्यासाठी नियमांत वाट आहे. तोवर पेटी आपण सांभाळायची, आणि 'तुला आम्ही कुठून आणले' हे त्याला आपल्याच तोंडून, लहानपणीच, गोष्टीसारखे कळायचे. लपवून काही राहत नाही. सोसायटीतल्या कोणाकडून तरी दहाव्या वर्षी कळते, तेव्हा मुलाला दत्तक असल्याचे दुःख होत नाही, आई-बाप खोटे बोलले याचे होते.

निघताना

शेवटच्या दिवशी जमले तर गोविंदपुरमला जावे. कुंभकोणमहून मयिलाडुतुरैच्या रस्त्याला हे गाव आहे. तिथे विठ्ठल-रुक्मिणीचे मोठे देऊळ उभे राहिले आहे, शिखर थेट आपल्याकडच्या धर्तीचे. तमिळ मंडळी तिथे मराठी अभंग म्हणतात. उच्चार जरा निराळे, सूर कर्नाटकी, पण शब्द ओळखीचे. चार दिवस परक्या भाषेत चाचपडलेल्या आईला ते ऐकून गहिवर येतो. आणि या मुलाच्या तमिळचे आपण काय करणार आहोत, हा प्रश्नही तिथेच मनात येतो. दहा पिढ्यांपूर्वी तंजावूरकडे गेलेली मराठी घरे आजही आपापसांत मराठी बोलतात. या मुलाचे तमिळ तीन महिन्यांत पुसले जाईल, कारण त्याच्याशी ते बोलणारे घरात कोणी नाही. पुण्यात तमिळ कुटुंबे पुष्कळ आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या पाट्टीच्या घरी दहीभात खायला न्यायला काय हरकत आहे?

देवळाची गोशाळा आहे. मुलगा गाईंकडे बोट दाखवून 'माडु' म्हणतो. बाबा म्हणतात, 'गाय.' मुलगा त्यांच्याकडे बघतो, मग ठामपणे मान हलवतो. 'माडु.' बाबा हार मानतात.

रात्रीच्या गाडीला फलाटावर गर्दी आहे. आई सामान मोजते, बाबा डबा शोधायला पुढे जातात. गाडीचे दिवे दिसतात, आवाज जवळ येतो आणि इतका वेळ वीतभर अंतरावर उभा असलेला मुलगा घाबरून तिच्या साडीचा पदर मुठीत धरतो. तिच्या तोंडून नकळत 'वा!' निघते. तिच्या लक्षात येते तोवर तो शब्दाला जागून तिच्या पायांशी येऊन बिलगलेला असतो. बाबा लांबून हात करतात. डबा पुढे आहे, जरा पळायला हवे. ती त्याला उचलते.